दोर धरावा, गुंडाळू नये



आषाढीच्या वाटेवर गोल रिंगण पाहून घरी परतलेल्या लेकरांच्या तोंडी पुढे महिनाभर एकच विषय असतो. पालखीचे वर्णन थोडे, दिंडीचे त्याहून थोडे आणि घोड्याचे अपार. तो कसा उधळला, पताकांच्या मधून कसा गेला, टाळकऱ्यांनी त्याच्या टापांखालची माती कशी कपाळी लावली, हे सांगून सांगून लेकरू शेवटी मुद्द्यावर येते, "आपण घोडा घ्यायचा का?" पूर्वी हा हट्ट दोन दिवसांत विरायचा. आता शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले आहेत, दारात जागा आहे, आणि हट्ट पुरवणारे बापही झाले आहेत. पंचक्रोशीत मी अशी पाच-सात घरे पाहिली. काही घरांत लेकरू आणि घोडा दोघेही सुखी आहेत. काही घरांत घोडा दावणीला हाडे मोजत उभा आहे आणि लेकरू त्याच्या जवळ जायला भिते. दोहोंत फरक कशाने पडतो, हा आजच्या निरूपणाचा विषय.

तुम्ही म्हणाल, महाराज, जन्मभर वीणा गळ्यात घालून उभे राहिलात, तुम्हाला घोड्यातले काय कळते? खरे आहे. मी घोड्यावर बसणारा नव्हे. पण माझी नात 11 वर्षांची असताना आमच्या दारात घोडी आली, आणि तिच्या निमित्ताने पोथीत वाचलेले बरेच काही डोळ्यांसमोर घडताना पाहायला मिळाले. ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शास्त्राची बाजू पाहू. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे. आत्मा रथात बसलेला, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रिये म्हणजे घोडे. हा दृष्टांत मी कीर्तनात शेकडो वेळा मांडला असेन. ऐकणारे बहुधा एवढाच अर्थ घेतात की घोडे वाईट, त्यांना आवळून धरा. उपनिषद घोड्यांना वाईट म्हणत नाही. अशिक्षित सारथ्याचे घोडे त्याला जुमानत नाहीत, शहाण्या सारथ्याचे जुमानतात, इतकेच ते सांगते. घोडे तेच आहेत. शिकायचे आहे ते सारथ्याला.

दुसरे महाभारतातले पाहा. वनपर्वात नळराजाची कथा आहे. नळ रूप पालटून, बाहुक हे नाव घेऊन ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली तेव्हा ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भात कुंडिनपुरास पोचायचे होते. ते कुंडिनपूर म्हणजे आपल्या रखुमाईचे माहेर, जिथून आजही पंढरीला पालखी येते. वाटेत ऋतुपर्णाने नळाला फाशांची विद्या दिली आणि तिच्या मोबदल्यात नळाकडून घोड्यांची विद्या मागून घेतली. त्या घोड्यांच्या विद्येला व्यासांनी नाव काय दिले आहे? अश्वहृदय. अश्वबंधन नव्हे, अश्वदमन नव्हे. घोड्याचे हृदय जाणणे ही ती विद्या. आणि पुढची गोष्ट तर फार गोड आहे. रथ कुंडिनपुरात शिरला, तेव्हा नळाचे जुने घोडे तिथल्या तबेल्यात होते. नळ हाकीत असलेल्या रथाचा नुसता आवाज कानी पडला आणि ते हर्षाने उचंबळले. माणसांनी अजून नळाला ओळखले नव्हते. घोड्यांनी ओळखले.

हे एवढे मनात ठेवा. आता बाजारात जाऊ.

आमच्या भागात अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत, मार्गशीर्षात, त्याहून मोठा भरतो. माझ्या धाकट्या मुलाने अकलूजला जायचे ठरवले. सोबत मी एका जुन्या स्नेह्यांना घेतले. त्यांनी पंढरपुरात स्टेशनपासून देवळापर्यंत 40 वर्षे टांगा हाकला. रिक्षा आल्या, टांगा मोडला, पण घोड्याची पारख मोडली नाही. गाव त्यांना चाचा म्हणते, मीही तेच म्हणतो.

बाजारात बाप पाहतो उंची आणि रुबाब, लेकरू पाहते रंग, आणि विकणारा दाखवतो नाच. चाचांनी यांतले काही पाहिले नाही. आमच्या मुलाला दोन वर्षांचे एक उमदे शिंगरू आवडले होते. "लेकराबरोबर वाढेल," असे तो म्हणाला. चाचा म्हणाले, "दोन अडाणी एका दावणीला बांधू नका. लेकरू नवखं असलं तर घोडा जाणता पाहिजे. घोडा नवखा असला तर माणूस जाणता पाहिजे." वाचकहो, घरी पहिला घोडा आणायचा असेल तर दुसरे काही ऐकू नका, पण हे ऐका. दहा-बारा वर्षांचे, कामाची सवय असलेले, शांत जनावर घ्या. घोडा नीट राखला तर 25 वर्षे आणि क्वचित त्याहून अधिक जगतो. बारा वर्षांची घोडी म्हातारी नव्हे.

वय दातांवरून कळते. साधारण पाच वर्षांचा होईतो घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येतात. पुढे खालच्या दातांवरचे खळगे झिजत जातात आणि आठाच्या पुढे ते बहुतेक बुजतात. म्हणून तोंड उघडून पाहायला लाजू नये. मग केसांचे भोवरे सांगणारे भेटतात. गळ्याखाली देवमण असला तर घर भरेल, अमक्या जागी गोम असली तर घर बुडेल. चार पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी असला तर विचारायलाच नको. चाचांनी आमच्या मुलाला सांगितले, "भोवरा नंतर बघा, आधी खूर बघा. घोड्याचं नशीब खुरात असतं." त्यांनी प्रत्येक जनावर कडक जमिनीवर चालवून पाहिले, एकेक पाय उचलून पाहिला, पोटाखाली हात फिरवून पाहिला. त्याच्या मागे भांडे वाजवून तो किती दचकतो तेही पाहिले. शेवटी एक कुमैत घोडी ठरली. उंचीला 55 इंच, अंगाने साधी, डोळ्याने मवाळ. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. नातीने तिचे नाव काजळी ठेवले, कारण डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या होत्या.

घोडी घरी आली त्या दिवशी नात खोगीर शोधू लागली. चाचांनी तिच्या हाती खरारा दिला. "महिनाभर बसायचं नाही. आधी तिची चाकरी कर." आपल्या संप्रदायात नवा मुलगा फडावर आला की त्याला लगेच चाल म्हणायला देतात का? आधी टाळ धरायला, मग मागे उभे राहायला, मग नुसते ऐकायला शिकवतात. तसेच हे.

त्या महिन्यात माझ्या नातीने जे शिकले ते सांगतो, कारण हेच लेकरांना आधी शिकवावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण बरोबर मागचे आणि नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. खायला द्यायचे ते उघड्या तळहातावर, अंगठा बोटांना चिकटवून. कान पुढे असले तर त्याचे लक्ष आहे, कान सैल असले तर तो निवांत आहे, कान मानेला चिकटून मागे गेले तर दूर व्हावे. घोडा हे पळणाऱ्यांच्या कुळातले जनावर आहे, लढणाऱ्यांच्या नव्हे. तो वाईटपणाने लाथ मारत नाही. भ्यालेला असतो आणि पळायला वाट नसते म्हणून मारतो.

खाण्याचेही तसेच. पोर प्रेमाने वाटीभर हरभरा जास्त टाकते आणि तेच विष होते. घोड्याचे पोट देहाच्या मानाने लहान असते, आणि त्याला उलटी होत नाही. बैलासारखा तो रवंथ करत नाही. आत गेले ते पुढेच जायचे. म्हणून मुख्य अन्न गवत आणि कडबा, तेही थोडे थोडे, दिवसभर. चंदी बेताची, भिजवलेली, आणि कामाच्या तोंडावर नाही. पाणी स्वच्छ, उन्हाळ्यात दिवसाला 40 लिटरपर्यंतही लागते. घोडा वारंवार पोटाकडे वळून पाहू लागला, पायाने माती उकरू लागला, लोळू लागला तर पोटशूळ समजावा. घरचे काढे करत बसू नये, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. रोज खूर उलटून आतला खडा-माती काढावी. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. हा सगळा खर्च आणि वेळ बापाने आधी मोजावा, मग बाजारात जावे.

आता ज्या गोष्टीवरून या लेखाचे नाव ठेवले ती. पहिल्याच दिवशी नातीने घोडी धरली आणि दोर सुटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे दिले. चाचा एरवी मृदू माणूस, पण त्या वेळी गरजले. वेढे काढायला लावले, आणि स्वतःचा उजवा हात तिच्यासमोर धरला. त्याची दोन बोटे पुरती मिटत नाहीत. तरुणपणी घोडा बुजला तेव्हा दोर त्यांच्या हाताला गुंडाळलेला होता. "पोरी, दोर हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. उरलेला दोर घड्या घालून मुठीत ठेवायचा. वेळ आली तर मूठ उघडता आली पाहिजे. घोडा पाच-सहा मणांचा नाही, आठ-दहा मणांचा असतो. तो पळाला तर तू त्याला थांबवणार नाहीस, तो तुला नेणार."

हे ऐकून मी ओट्यावर बसल्या जागी हात जोडले. आयुष्यभर आपण प्रपंच करावा पण त्यात गुंतू नये असे सांगत आलो. ऐकणारा विचारतो, महाराज, करायचे आणि गुंतायचे नाही म्हणजे नक्की काय? टांगेवाल्याने एका वाक्यात उत्तर दिले. धरायचे, घट्ट धरायचे, पण मूठ उघडता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. महिन्यानंतर नात पाठीवर बसली. खोगीर नव्हते, रिकीब नव्हती, लगामही नव्हता. एक जाड घोंगडी, तंग आवळलेला, आणि हातात आयाळ. चाचा मधे उभे राहून लांब दोराने घोडीला गोल फिरवत. "आधी मांड बसू दे. लगामाला लोंबकळून जो बसतो तो घोड्याच्या तोंडाचा शत्रू." घोडीची साधी चाल चार ठोक्यांची असते, चारही पाय एकेक करून पडतात. दुडकी दोन ठोक्यांची. त्यापुढची धाव तीन ठोक्यांची. मृदंगाच्या संगतीत आयुष्य काढलेल्या माझ्या कानाला हे लगेच कळले आणि मी ओट्यावरून टाळ धरला. दुडकीला नात खाली-वर आपटत होती. तिला म्हटले, "बाळ, ज्ञानबा-तुकाराम म्हण. एका ठोक्याला ज्ञानबा, दुसऱ्याला तुकाराम." चार दिवसांत आपटणे थांबले. नाम अंगात उतरते म्हणतात ते असेही उतरते.

मग लगाम आला. आणि इथे चाचांनी ती सूक्ष्म गोष्ट सांगितली. घोडा ओढण्याने शिकत नाही, सोडण्याने शिकतो. थांब म्हणून लगाम किंचित आवळला आणि तो थांबला, की त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. तो सैलपणा म्हणजे त्याला मिळालेली शाबासकी. थांबल्यावरही जो ओढत राहतो, त्याचा घोडा दोन महिन्यांत दगडी तोंडाचा होतो. त्याला वाटते, थांबलो तरी ओढ आहेच, मग थांबायचे कशाला? बापांनो, हे घोड्यापुरते आहे का? लेकराने ऐकल्यावरही आपण ओरडतच राहिलो तर तेही तसेच दगडी होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो तेव्हा भगवंत दोन साधने सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे धरणे, वैराग्य म्हणजे सोडणे. एकच हात दोन्ही करतो. वेळ ओळखणे ही विद्या.

वर्ष असे आनंदात गेले. मग तो प्रसंग आला.

वैशाखात भावकीतल्या एका लग्नाला परण्यासाठी घोडी मागितली. मी त्या आठवड्यात परगावी सप्ताहाला होतो. मुलाने विचार केला की घोडी वर्षभर नुसती खाते आहे, दोन महिन्यांच्या चंदीचे पैसे सुटतील, शिवाय भावकीचा मान राहील. त्यात लोभ नव्हता, घर चालवणाऱ्याचा हिशेब होता. चाचा म्हणाले, "तिला डीजेची सवय नाही." पण शब्द देऊन झाला होता. परण्या निघाला. नवरदेव पाठीवर, दोर नातीच्या हाती. मारुतीच्या देवळाशी नवरदेव खाली उतरला आणि त्याच वेळी घोडीच्या पायाशी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. नातीने मूठ उघडली. घोडी गर्दी फोडून निघाली ती हमरस्त्याच्या दिशेने, दोर मागे फरफटत.

कोणाला इजा झाली नाही ही पांडुरंगाची कृपा. पण घोडी गेली. आणि चारचौघांत मुलगा लेकीवर कडाडला, "दोर का सोडलास?"

मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा माणसे बॅटऱ्या घेऊन शोधाला गेली होती आणि नात रिकाम्या ठाणाशी बसली होती. तिने मला विचारले, "आबा, मी सोडायला नको होता का? धरून ठेवला असता तर काजळी थांबली असती का?"

वाचकहो, कीर्तनात शंका विचारणारे पुष्कळ भेटले. यासारखी शंका कोणी विचारली नाही. तिच्या प्रश्नात एक जीव अडकला होता. रस्त्यावर रात्रभर उसाचे ट्रक नसले तरी वाळूचे डंपर असतात. घोडी मेली असती तर हे लेकरू जन्मभर आपल्या उघडलेल्या मुठीला दोष देत बसले असते. मी तिला म्हणालो, "बाळ, धरला असतास तर घोडीही गेली असती आणि तूही. सोडलास म्हणून शोधायला तू उरली आहेस. सोडणं म्हणजे टाकणं नव्हे. टाकलं त्याला शोधायला कोणी जात नाही. चल, ऊठ."

पहाटे ती सापडली. कालव्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या रानात, लिंबाखाली उभी. गुडघा सोललेला, एक नाल निघालेला, डोळे फिरलेले. मुलगा पुढे झाला की ती चार ढांगा मागे जाई. दोन-तीन जणांनी घेरायचा बेत केला. नात म्हणाली, "दादा, घेरू नका. तुम्ही सगळे खाली बसा." बाप लेकीच्या शब्दावर बांधावर बसला. मीही काठी टेकून बसलो. पोर घोडीकडे गेली नाही. तिच्याकडे पाहिलेही नाही. तिच्याकडे खांदा करून उभी राहिली आणि दुडकीच्या लयीत हळूहळू तेच दोन शब्द म्हणू लागली, ज्ञानबा, तुकाराम. अर्धा तास गेला असेल. उन्हाची तिरीप आली. घोडीचा एक कान वळला, मग दुसरा. मग तिने मान खाली घातली, जिभेने ओठ चाटले, आणि एकेक पाऊल टाकत येऊन पोरीच्या पाठीला नाक लावले. तेव्हाही नातीने लगेच दोर पकडला नाही. आधी मान खाजवली, मग दोर उचलला, आणि घड्या घालून मुठीत घेतला.

त्या क्षणी मला कुंडिनपुरातले ते घोडे आठवले. आवाजावरून धनी ओळखणारे. आणि अश्वहृदय या शब्दाचा दुसरा अर्थही तिथेच उमगला. घोड्याचे हृदय जाणणे हा एक अर्थ. घोड्याला आपले हृदय कळू देणे हा दुसरा.

घरी आल्यावर बापाने लेकीची क्षमा मागितली नाही. आपल्याकडे बाप तसे मागत नाहीत. पण तो बादली घेऊन बसला आणि घोडीचा गुडघा कोमट पाण्याने धुऊ लागला. डॉक्टर आले, टाके पडले. पुढे तीन आठवडे घोडी दोर पाहिला की अंग चोरायची. रोज सकाळी पोरीने दोर नुसता खांद्यावर टाकून तिच्याशेजारी उभे राहायचे, एवढेच काम. धरायचे नाही. चौथ्या आठवड्यात घोडीने आपणहून मोहरकीत तोंड घातले. मुलाने परण्याचे पैसे परत केले आणि विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांत लसूण घास लावला. "खाते ती पिकवूनच घालू," एवढेच म्हणाला. काजळीने त्यानंतर परण्या केला नाही.

तो घोडीचा पाय धूत असताना मी त्याला द्रोणपर्वातली गोष्ट सांगितली. जयद्रथवधाचा दिवस. सूर्यास्तापूर्वी त्याला मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि भर रणात रथाचे घोडे थकले, बाणांनी विद्ध झाले. भगवंतांनी काय केले? चाबूक उगारला नाही. घोडे सोडले. अर्जुनाने बाणाने जमीन भेदून पाणी काढले, आणि जगाचा धनी घोड्यांच्या अंगातले बाण उपटीत, त्यांना आपल्या हातांनी चोळीत, लोळू देत, पाणी पाजीत, चारा घालीत बसला. ते ताजे झाल्यावर मगच रथ जोडला. ज्याच्या हातात सगळ्यांचे लगाम, त्याने घोडे सोडण्यासाठी भर रणात रथ थांबवला. इतक्या घाईच्या दिवशी त्याला वेळ होता. आपल्याला नसतो.

आता शेवटचे सांगून सेवा थांबवतो.

माऊलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. आजच्या स्वरूपातली पालखी हैबतबाबा आरफळकरांनी सुरू केली, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते अश्व आजही येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी. त्यावर प्रत्यक्ष माऊली बसले आहेत ही आपली श्रद्धा, म्हणून तिथे दुसरा कोणी बसत नाही. लहान मुले विचारतात, लगाम कोणी धरलेला नाही, मग तो पळून कसा जात नाही? लाखभर माणसे, टाळांचा कल्लोळ, आणि तो आपली फेरी धावून पुन्हा तिथेच येतो. त्यामागे वर्षानुवर्षांची चाकरी आहे, खरारा आहे, अंकलीपासून आळंदीपर्यंत पायी येणाऱ्या सेवेकऱ्यांचे कष्ट आहेत. गर्दीची सवय त्याला धाकाने लागलेली नाही, सहवासाने लागली आहे.

तर माऊली, लेकरू घोडा मागेल तेव्हा लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. वर्षभर दुसऱ्याच्या घोड्याचा खरारा करायला पाठवा. त्यातून हट्ट टिकला तर तो हट्ट नव्हे, ओढ आहे. मग जाणते जनावर घ्या, जाणता माणूस शोधा, चारा आधी पेरा. नाचवण्यासाठी घेऊ नका. नाच शिकवताना त्या मुक्या जिवाचे काय हाल होतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य पुन्हा वरातीत टाळ्या वाजवणार नाही. आणि पहिल्या दिवशी लेकराच्या हातात दोर देताना त्याची मूठ स्वतः तपासा. घड्या मुठीत आहेत ना? मनगटाला वेढा नाही ना?

मग आपलीही मूठ एकदा उघडून पाहा. घर, शेत, लेकी-सुना, मानपान, यांतला कोणता दोर आपण हातात धरला आहे आणि कोणता हाताला गुंडाळून घेतला आहे? माझ्या हातून वीणा सुटून आता सहा वर्षे झाली. ती पुढच्या माणसाच्या गळ्यात घातली तेव्हा हात थोडा थरथरला, पण मूठ उघडली. वीणा आजही वाजते आहे.

रामकृष्णहरि.